दाढीचा ब्रश : केस कुणाचे आणि कशासाठी?

सकाळचे सव्वासात. हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरचं बेसिन. नळ चार, त्यातले चालू दोन, आणि खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत बारा-पंधरा जण. व्हायवाचा दिवस असल्यामुळे सगळ्यांना एकदमच दाढी आठवली होती. शिरोळकडच्या माझ्या रूम पार्टनरने नवाकोरा ब्रश बाहेर काढला. परदेशात नोकरी करणाऱ्या चुलतभावाने भेट म्हणून दिलेला. डबीवर लिहिलं होतं, 'प्युअर बॅजर'.

"बॅजर म्हंजे काय रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"कंपनीचं नाव असंल."

"कंपनी न्हवं भावा, जनावर हाय त्ये. त्याचीच केसं हायत ही."

पार्टनर जैन. घरी कांदा-लसूणसुद्धा नाही. फेसाने भरलेला ब्रश हातात धरून तो तसाच उभा राहिला. रांगेत हशा पिकला. सगळ्यात जोरात हसला तो मिरजेचा आमचा दोस्त. तेवढ्यात त्याच्या शेजारच्याने त्याचाच ब्रश उलटा करून मुठीखालचं वाचलं. 'प्युअर ब्रिसल'. ब्रशच्या धंद्यात ब्रिसल म्हणजे बहुतेक वेळा डुकराचे राठ केस, हे त्याला कळलं आणि हसू थांबलं. मित्र नमाजी आहे. त्या दिवशी दोघांनी बोटांनीच क्रीम चोळून दाढी केली आणि गालावर कापसाचे बोळे लावून व्हायवाला गेले.

मित्रांनो, प्रसंग गमतीचा वाटला तरी त्यातला प्रश्न खरा आहे. आपण रोज जी वस्तू तोंडाला लावतो ती कशाची बनली आहे, हे आपल्याला माहीत नसतं. आणि आपण तर इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, म्हणजे 'मटेरियल सिलेक्शन' हा विषय पास झालेले (निदान काही जण तरी). मग दाढीच्या ब्रशचं मटेरियल सिलेक्शन करून बघायला काय हरकत आहे? त्यासाठी आधी ब्रशचं काम काय, ते समजून घेऊ.

ब्रश करतो तरी काय?

दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. नखं, शिंगं, लोकर हे सगळं त्याच कुळातलं. कोरडा केराटिन चिवट असतो, पण तो पाणी शोषतो आणि शोषलं की मऊ पडतो. म्हणून दोन-तीन मिनिटं नीट भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लागतो. दाढीत ब्लेडइतकंच महत्त्व पाण्याला आहे, ते यामुळे.

ब्रशची कामं तीन. पहिलं, पाणी धरून ठेवणं आणि ते केसांच्या मुळापर्यंत पोचवणं. दुसरं, साबण, पाणी आणि हवा एकत्र घुसळून बारीक बुडबुड्यांचा घट्ट फेस करणं, म्हणजे पाणी लवकर सुकत नाही आणि ब्लेड घसरतं. तिसरं, गालावर आडवे चिकटलेले केस उचलून उभे करणं. ही तीन कामं जो तंतू चांगली करेल तो चांगला. मग तो जनावराच्या अंगावर वाढलेला असो की कारखान्यात ओढलेला.

परंपरेने चालत आलेले तीन केस

बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला, जमिनीत बिळं करून राहणारा, रात्री हिंडणारा प्राणी. त्याचा केस मुळाशी पांढरट, मध्ये काळा पट्टा आणि टोकाला पुन्हा पांढरा. टोकाकडे तो निमुळता होत जातो, म्हणून गालाला मऊ लागतो. परदेशी दुकानांत याच्या प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशा चढत्या प्रती मिळतात आणि किंमत काही हजारांत जाते. हा केस येतो मुख्यतः चीनमधून. ब्रिटनमध्ये बॅजरला कायद्याचं संरक्षण आहे (सध्याचा कायदा १९९२ चा), त्यामुळे तिथल्या नामांकित कंपन्यासुद्धा केस बाहेरूनच आणत आल्या.

दुसरा डुकराचा केस. जाड, ताठ, स्वस्त. सुरुवातीला टोचतो, पण वापरता वापरता त्याची टोकं फाटून दुभंगतात आणि मऊ होतात. तिसरा घोड्याच्या शेपटीचा किंवा आयाळीचा. तो जनावर न मारता कापून घेता येतो, ही त्याची जमेची बाजू.

यात बॅजर राजा मानला गेला. कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं, "त्याचा केस पाणी शोषून धरतो." हे उत्तर आपण जरा तपासून बघू.

पाणी केसात की केसांच्या मधे?

समजा ब्रशचा झुबका २२ मि.मी. व्यासाचा आणि ५० मि.मी. उंचीचा आहे. सोपं जावं म्हणून तो दंडगोल धरू. त्याचं आकारमान साधारण १९ घन सें.मी. येतं. त्यातली निम्मी जागा तंतूंनी व्यापलेली आणि निम्मी मोकळी असं मानलं, तर तंतू साडेनऊ घन सें.मी. आणि मधल्या फटीही साडेनऊ घन सें.मी.

आता केराटिनची घनता १.३ च्या आसपास. म्हणजे केसांचं वजन सुमारे १२ ग्रॅम. केस पूर्ण संपृक्त झाला तर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी शोषतो. म्हणजे केसांच्या आत फार तर साडेतीन-पावणेचार ग्रॅम पाणी. तेही बराच वेळ भिजत ठेवल्यावर. फटींमध्ये मात्र साडेनऊ ग्रॅम, आणि ते ब्रश बुडवल्या बुडवल्या. शिवाय ब्रश गोल फिरवताना झुबका फुलतो, फटी मोठ्या होतात आणि फेसाची सगळी साठवण तिथेच होते.

अजून एक गोष्ट. केसाच्या आत शिरलेलं पाणी त्याच्या रेणूंना धरून बसलेलं असतं. ते दाबून बाहेर येत नाही, सावकाश वाळूनच जातं. गालावर जे पोचतं ते फटींमधलं पाणी. फटींमध्ये ते कशाने राहतं? शाळेत शिकलेल्या केशाकर्षणाने. नावातच 'केश' आहे, पण केशाकर्षणाला केस जनावराचा आहे का याच्याशी देणंघेणं नाही. त्याला हवी बारीक फट आणि पाण्याने भिजणारा पृष्ठभाग.

म्हणजे निष्कर्ष असा : ब्रशला पाणी पिणारा तंतू लागत नाही. भरपूर बारीक तंतू जवळजवळ उभे लागतात. आणि बारीक तंतू करणं हे तर कारखान्याचंच काम.

मग नायलॉन बदनाम का झाला?

१९३८ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीचा नायलॉन बाजारात आला, तो सगळ्यात आधी टूथब्रशच्या तंतूंच्या रूपात. मोज्यांचं नाव नंतर झालं. त्याआधी टूथब्रशला डुकराचे केस असत! आज आपल्यापैकी कुणीही डुकराच्या केसांचा टूथब्रश मागायला दुकानात जात नाही. मग दाढीचा ब्रश मागे का राहिला?

कारण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आहे. ब्रशचा प्रत्येक तंतू म्हणजे एका टोकाला चिकटवलेला कँटिलिव्हर बीम. त्याचा ताठपणा ३ × ई × आय भागिले लांबीचा घन. आणि गोल छेदासाठी आय हा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. म्हणजे व्यास दुप्पट केला की एक तंतू १६ पट ताठ! टूथब्रशचा तंतू साधारण ०.१५ ते ०.२५ मि.मी. जाड असतो. दातांवरचा थर खरवडायला ते ठीक, गालावर मात्र ते काट्यासारखं लागतं. सुरुवातीचे नायलॉनचे दाढीचे ब्रश बऱ्याच अंशी असेच होते : जाड, बुडापासून टोकापर्यंत सारख्या जाडीचे, आणि टोकाला बोथट कापलेले. तंतू कमी, फटी मोठ्या, पाणी ठिबकून जायचं. "सिंथेटिक म्हणजे टाकाऊ" ही म्हण तेव्हाची, आणि अनेक घरांत अजून चालू आहे.

आता ०.२ ऐवजी ०.१ मि.मी.चा तंतू घ्या. त्याच जागेत चौपट तंतू बसतात. प्रत्येकाचा ताठपणा एक-सोळांश, म्हणजे सगळ्या झुबक्याचा ताठपणा एक-चतुर्थांश. ब्रश मऊ झाला आणि फटीही बारीक झाल्या. एका बदलात दोन फायदे.

राहिला टोकाचा प्रश्न. आजच्या चांगल्या ब्रशांत बहुधा पीबीटी (पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट) हा पॉलिएस्टर जातीचा तंतू असतो. पॉलिएस्टरचे बंध गरम तीव्र अल्कलीत तुटतात. तंतूंची टोकं तशा द्रावणात बुडवली की ती वरून वरून विरघळून निमुळती होतात. बारीक टोकांचे टूथब्रशही याच युक्तीने तयार होतात. बॅजरला निसर्गाने दिलेलं निमुळतं टोक असं रसायनशास्त्राने तयार करता येतं. काही कंपन्या तंतूला किंचित नागमोडी करतात, म्हणजे ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि फटी टिकतात. काही जण त्यावर बॅजरसारखा काळा पट्टाही रंगवतात. तो केवळ दिसण्यापुरता, कामाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पीबीटी स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. संपृक्त झाला तरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास. (नायलॉन-६ मात्र नऊ-दहा टक्क्यांपर्यंत जातो.) याचा अर्थ तो भिजत घालावा लागत नाही, भिजल्यावर लुळा पडत नाही, आणि वाळतो पटकन. आपल्या कोल्हापूरच्या जुलैमध्ये, जेव्हा दोरीवरचा बनियन तीन दिवस वाळत नाही, तेव्हा हा मुद्दा फार मोठा आहे. केसांचा ब्रश बंद डबीत ओला राहिला की त्याला कुबट वास लागतो आणि बुरशीही येते.

काळपुळीची आठवण

जनावरांच्या केसांचा आणखी एक इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सैनिकांच्या आणि नागरिकांच्या चेहऱ्यावर, मानेवर काळपुळी (अँथ्रॅक्स) उठू लागली. गुरांमध्ये जिला आपल्याकडे 'फाशी' म्हणतात तोच हा रोग. शोध घेत गेल्यावर धागा दाढीच्या नव्या ब्रशांपर्यंत पोचला. बॅजरसारखा दिसेल असा रंगवलेला, बाहेरून आणलेला घोड्याचा केस त्यात वापरलेला होता आणि तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. युद्धामुळे केसांच्या व्यापाराची आणि शुद्धीकरणाची जुनी साखळी विस्कटली, हे त्याचं एक संभाव्य कारण मानतात. त्या काळातल्या अशा रुग्णांची नोंद दोनशेहून अधिक आहे. पुढे ब्रिटनने १९२० साली जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली.

आज नव्या ब्रशाचे केस शुद्ध करूनच येतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण पणजोबांच्या पेटीत सापडलेला शंभर वर्षांपूर्वीचा ब्रश 'अँटिक' म्हणून कपाटात ठेवावा, गालाला लावू नये.

"बॅजर कुठं आपल्यात हाय?"

इथे कुणीतरी म्हणेल की चीनमधल्या बॅजरची काळजी आपण कोल्हापुरात बसून कशाला करायची? आणि तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या, पायात कातडी चप्पल करकर वाजवत फिरणाऱ्या गावात ही भूतदया कुठून आली?

प्रश्न बरोबर आहे. मी स्वतः रविवारच्या मेसच्या रश्श्याला पहिल्या पंगतीला असतो. या लेखात मटणाचा वाद काढायचा नाही. मुद्दा गरजेचा आहे. एखादं काम जनावराशिवाय तितकंच चांगलं होत असेल, तर केवळ डबीवरच्या नावासाठी जनावर कशाला? २०१८ मध्ये पेटा या संस्थेने चीनमधल्या बॅजर पाळणाऱ्या जागांचं चित्रण प्रसिद्ध केलं. छोट्या पिंजऱ्यांत ठेवलेली आणि क्रूरपणे मारली जाणारी ती जनावरं बघून अनेक परदेशी कंपन्यांनी बॅजरचे ब्रश विकणं थांबवलं.

आणि हा प्रश्न वाटतो तेवढा लांबचा नाही. हे गाव 'कलापूर' म्हणून ओळखलं जातं. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून इथे चित्रकारांची परंपरा आहे, आणि रंगाच्या ब्रशाबद्दल इथल्या पेठांमध्ये बोलायला माणसं कमी नाहीत. भारतात चित्रकारांसाठी मुंगसाच्या केसांचे ब्रश वर्षानुवर्षं चोरून बनत आणि विकले जात आले. मुंगसाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, असे ब्रश बनवणं आणि विकणं हा गुन्हा आहे. उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रशच्या धंद्याचं मोठं गाव. २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावाने वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने शेरकोटसह अनेक ठिकाणी छापे घातले आणि ब्रश व केसांचा मोठा साठा जप्त केला. आपल्या बांधावर फिरणारं, साप मारतं म्हणून शेतकऱ्याला आवडणारं मुंगूस एका मऊ ब्रशासाठी मारलं जात होतं. बॅजर परका असेल, मुंगूस तर आपलंच आहे ना? दोन्हीकडे उत्तर एकच : चांगला सिंथेटिक ब्रश.

असे बदल आपल्याकडे पूर्वीही झालेत. साबणात जनावराची चरबी वापरण्याची रीत होती, तेव्हा १९१८-१९ च्या सुमारास मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलापासून साबण करून दाखवला. तो 'चरबीचा नाही' म्हणून लोकांनी आनंदाने घेतला आणि साबण म्हणून चांगला होता म्हणून टिकला. दोन्ही गोष्टी लागतात. नुसतं पुण्य मिळतं म्हणून कुणी वाईट ब्रश वापरत नाही.

दुकानात गेल्यावर काय बघायचं?

महाद्वार रोडला जा, लक्ष्मीपुरीत जा की घरबसल्या मागवा, पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

१. लेबल वाचा. 'बॅजर', 'बोअर', 'प्युअर ब्रिसल', 'नॅचरल हेअर' म्हणजे जनावर. 'सिंथेटिक', 'नायलॉन', 'फायबर', 'पीबीटी' म्हणजे कारखाना. 'इमिटेशन बॅजर' लिहिलं असेल तर तंतू कशाचा ते विचारा, नुसत्या नावावर जाऊ नका. काहीच लिहिलं नसेल तर शक्यतो घेऊच नका.

२. टोक हातावर फिरवा. कोरडा ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूला उभा टेकवून गोल फिरवा. टोचला तर तो टोक निमुळतं न केलेला जाड तंतू. तो गालावरही टोचणारच.

३. व्यास आणि उंची. रोजच्या वापराला २० ते २४ मि.मी. व्यास आणि ५०-५५ मि.मी. उंची पुरते. इथे पुन्हा बीमचं सूत्र आठवा. उंची ५० वरून ५५ केली की ताठपणा १.१ च्या घनाने, म्हणजे १.३३ पटीने घटतो. पाच मिलिमीटरने ब्रश पाव हिश्शाने मऊ! ज्याची दाढी राठ त्याने थोडा बुटका झुबका घ्यावा, ज्याची कातडी नाजूक त्याने थोडा उंच.

४. कणा तपासा. तळहातावर दाबून सोडा. सरळ परत यायला पाहिजे, पण स्प्रिंगसारखा उसळून नाही. उसळणारा ब्रश आरशावर आणि शेजाऱ्यावर फेस उडवतो.

५. दाटी बघा. झुबका मधून बोटांनी उघडा. बुडाशी डिंकाचं भगदाड दिसलं तर तंतू कमी भरलेत. हलक्या हाताने ओढल्यावर एखाद-दुसरा तंतू निघाला तर चालेल, चिमूटभर निघाले तर दुकानदाराला परत द्या.

६. मूठ. ओल्या साबणाच्या हातातून सुटणार नाही अशी. मुठीला कंबर असावी. सोन्याच्या रंगाचा मुलामा नको, आठ महिन्यांत उडतो.

किमतीचं म्हणाल तर साधा सिंथेटिक ब्रश शे-दीडशेपासून मिळतो आणि निमुळत्या बारीक तंतूंचा चांगला काहीशे रुपयांत. बॅजरच्या ब्रशाच्या पैशात हॉस्टेलचा अख्खा मजला दाढी करेल.

शंका असेल तर जाळून बघा

ब्रश घरात आधीच असेल आणि लेबल गेलं असेल, तर टेक्स्टाइलवाल्यांची जुनी चाचणी करता येते. चिमट्याने एकच तंतू उपटा, पाण्याच्या वाटीवर धरा आणि काडी लावा. केस असेल तर जळक्या केसाचा (किंवा जळक्या पिसाचा) ओळखीचा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख राहते. नायलॉन किंवा पीबीटी असेल तर तो आकसून वितळतो आणि टोकाला टणक मणी तयार होतो. रेक्टर सरांना विनंती की ही चाचणी खोलीत न करता मोकळ्या जागेत केल्यास दंड करू नये.

वापरायची रीत थोडी वेगळी

केसांच्या ब्रशावरून सिंथेटिकवर आलेले लोक पहिल्या आठवड्यात तक्रार करतात. बहुतेक वेळा चूक ब्रशाची नसते, जुन्या सवयीची असते.

केसांचा ब्रश पाच-दहा मिनिटं भिजत घालायचा असतो. सिंथेटिकला बुडवून काढलं की बास. वर आलेलं सुटं पाणी दोनदा झटकून टाका, नाहीतर फेस पातळ होऊन कोपरापर्यंत ओघळतो. क्रीम बदामाएवढंच घ्या. सिंथेटिक तंतू साबण पीत नाही, त्यामुळे कमी क्रीमवर काम भागतं. आधी तोंड नीट ओलं करा, मग ब्रश गोल फिरवून फेस करा आणि शेवटी भिंत रंगवतात तसे सरळ हात मारा. मुळापर्यंत दाबून चेचू नका, कँटिलिव्हर बुडाशी मोडतो.

बोअरचं पाणी असेल तर फेस धरत नाही, कारण जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाला पकडून त्याचा साका करतं. अशा वेळी पिण्याच्या नळाचं तांब्याभर पाणी बाजूला घेऊन बसा. दोष ब्रशाला देऊ नका.

एक सूचना खास हॉस्टेलसाठी. बादलीत हिटरची कॉइल टाकून उकळलेल्या पाण्यात ब्रश बुडवू नका. पीबीटी वितळतो २२० अंशांच्या पुढे, हे खरं. पण त्याचं ग्लास ट्रान्झिशन तापमान ५० अंशांच्या आसपास आहे. त्याच्या वर तो नरम पडतो आणि वाकला तर तसाच बसू शकतो. मुठीतला डिंकही ढिला होतो. हाताला सोसेल एवढंच गरम पाणी घ्या.

झाल्यावर साबण पूर्ण धुवा, झटका, टॉवेलवर दोनदा फिरवा आणि उघड्यावर ठेवा. आणि ब्रश ज्याचा त्याने वापरायचा. "भावा, ब्रश दे की दोन मिनिटं" हे प्रेम आम्हाला मान्य आहे, पण गालावरचे फोड आणि बुरशी त्याच प्रेमाने पसरतात. ब्लेडच्या बाबतीत तर हा विचारही नको, रक्तातून जाणारे रोग त्यातून पसरू शकतात.

दुसरी बाजू

सिंथेटिक म्हणजे सगळं छान, असं म्हटलं तर ती जाहिरात होईल. तोटे आहेत. जुने वापरणारे सांगतात की बॅजरचा गालावरचा स्पर्श वेगळाच, आणि तसा तो असेलही. सिंथेटिक थोडा जास्त उसळतो. काही ब्रश फेस पोटात धरून ठेवतात, मग मुळाशी दाबून काढावा लागतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तो प्लास्टिक आहे. टाकून दिला तर कुजणार नाही, झिजलेला तंतू गटारातून शेवटी पंचगंगेतच जाणार. केस मातीत मिसळतो, पीबीटी मिसळत नाही.

याला उत्तर एकच, चांगला घ्या आणि जपून वर्षानुवर्षं वापरा. दर सेमिस्टरला एक स्वस्त ब्रश फेकणारा माणूस जनावर वाचवतो आणि नदी भरतो. फोमच्या डब्यांपेक्षा मात्र ब्रश आणि क्रीमची नळी कचरा कमी करते, हेही लक्षात घ्या. ज्याला प्लास्टिकच नको त्याच्यासाठी घोड्याच्या कापलेल्या केसांचा ब्रश हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. आणि बोटांनी क्रीम चोळूनही दाढी होते. फक्त वेळ द्यावा लागतो, जो आमच्याकडे व्हायवाच्या सकाळी नव्हता.

शेवटी

त्या दोघांचं पुढे काय झालं? त्याच शनिवारी दोघं मिळून बाजारात गेले आणि सारखेच दोन सिंथेटिक ब्रश घेऊन आले. मुठींवर मार्करने आपापली खूण केली. बॅजरचा ब्रश पार्टनरने चुलतभावाला परत पाठवला नाही. भेट दिलेल्याचं मन मोडायचं नाही म्हणून तो धुऊन, पुसून, डबीत घालून ट्रंकेत ठेवला. मिरजेच्या मित्राने त्याचा जुना ब्रश सायकलची चेन साफ करायला काढला. चेनला तो उत्तम चालतो, ताठ आहे ना!

केमिस्ट्री लॅबमध्ये तराजू आहे. ज्याला वरचं गणित पटलं नसेल त्याने कोरडा ब्रश तोलावा, बुडवून एकदा झटकून पुन्हा तोलावा, आणि मग तासाभराने, तीन तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी वजन घ्यावं. केसांचा ब्रश आणि सिंथेटिक ब्रश शेजारी ठेवून दोन वक्र काढावेत. वाळायला कोण किती वेळ घेतं ते आलेखावरच दिसेल. सरांनी मान्य केलं तर जर्नलमध्ये एक जादा प्रॅक्टिकल म्हणूनही चालून जाईल.

आणि पुढच्या वेळी बेसिनच्या रांगेत कुणी नवा ब्रश काढला, तर किंमत विचारायच्या आधी एवढंच विचारा : "भावा, केसं कुणाची?"